बुडाला पांढरा गोळा बांधून पळणारा कोळी, हा कोण?

मातीतलापाय
नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. झालं असं की बागेतली वाळकी पानं गोळा करत होतो, एक ढीग उचलला तर खालून बारका कोळी सुसाट सुटला. करडा-तपकिरी, पाय सोडून नुसतं अंग म्हणाल तर सहा-सात मिलिमीटर असेल, आणि त्याच्या बुडाला चक्क एक पांढुरका गोळा चिकटलेला, जवळजवळ त्याच्या पोटाएवढाच! एवढं ओझं घेऊन पण काय पळतो राव, चार पावलं धावतो, थबकतो, पुतळ्यासारखा उभा राहतो, परत धावतो. आधी वाटलं गाठबिठ आलीय किंवा काहीतरी रोग असेल. जाळं आजूबाजूला कुठेच नाही. काडीने गोळा हलवून बघायचा मोह झाला होता पण आवरला. फोटो टाकतोय, हात हललाय, समजून घ्या. कोणाला माहितीय का हा कोण आणि तो गोळा कसला?

खवचट
फोटो झूम करून बघितला. उडती तबकडी आहे, सरकारला कळवा.

आठडोळे
काडी नाही घातलीत ते फार बरं केलंत. पहिली दुरुस्ती, तो नाही, ती आहे. आणि तो गोळा म्हणजे तिची अंडी. रेशमाची पिशवी करून त्यात अंडी घालते आणि ती पिशवी पोटाच्या टोकाला जी रेशीम सोडणारी बोंडं असतात ना (स्पिनरेट म्हणतात) त्यांनाच चिकटवून पिल्लं बाहेर येईपर्यंत फिरते. पळणं, शिकार, ऊन खाणं, सगळं ती पिशवी घेऊनच.

कुळ म्हणाल तर लांडगा कोळी, लायकोसिडी. प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) बहुतेक पार्डोसा, पण 'बहुतेक' हा शब्द सध्या राहू द्या कारण फोटोत मला एक धूसर ठिपका आणि दुसरा त्याहून धूसर ठिपका दिसतोय. शक्य झालं तर समोरून, तोंडाचा फोटो काढा. डोळे दिसले की बोलू.

तोवर एक सोपी खूण सांगतो. कोळीण अंड्यांचा गोळा घेऊन चाललेली दिसली की गोळा कुठे धरलाय ते बघायचं. मागे बुडाला असेल तर लांडगा कोळी समजायला हरकत नाही. जबड्यात धरून पोटाखालून नेत असेल तर ती लांडगा नाही, पिसॉरिडी कुळातली, जी पुढे पिल्लांसाठी पानांत तंबूसारखं जाळं विणते. घराच्या कोपऱ्यात उलटे लटकणारे लांबलचक पायांचे कोळी असतात त्यांच्या माद्यासुद्धा अंडी जबड्यातच धरतात. या दोन-तीन गोष्टींची लोक इतकी सरमिसळ करतात की विचारू नका.

भित्रीभागूबाई
लांडगा???? नाव ऐकूनच धागा बंद करणार होते. हे कळप करून येतात का? आणि चावतात का ते आधी सांगा, बाकीचं ज्ञान नंतर.

आठडोळे
भागूताई, कळपबिळप काही नाही, प्रत्येक जण आपापला. जाळं न लावता जमिनीवर शिकार करतात म्हणून लांडगा. तेही मैलभर पाठलाग वगैरे करत नाहीत हो, बराच वेळ नुसत्या बसून असतात आणि काही हललं की एक झडप. पार्डोसाचे दात इतके बारके की आपल्या कातडीत घुसतानाच मारामार, आणि विषही माणसाला अपाय करण्यासारखं नाही. तुम्ही पाऊल टाकलंत की ती आधीच पसार झालेली असते.

खवचट
@भागूबाई, टॅरंटुला हे नाव मुळात लांडगा कोळ्याचंच बरं का. इटलीच्या दक्षिणेला तारांतो शहर आहे तिथला तो लायकोसा टॅरंटुला. चावला तर बेभान नाचूनच विष उतरतं असा तिकडे समज होता. पुढे अमेरिकेतल्या केसाळ धुडांना लोकांनी तेच नाव दिलं आणि मूळ मालक बाजूला पडला. आता झोप लागेल ना नीट? :)

भित्रीभागूबाई
तुम्ही ना खरंच खवचट आहात.

स्पष्टवक्ता
एवढा काथ्याकूट कशाला? फोटो ओळखणाऱ्या ॲपमध्ये टाकला, दोन सेकंदात उत्तर आलं, 'पार्डोसा ल्युग्युब्रिस'. विषय संपला.

आठडोळे
विषय संपला नाही, उलट तुम्ही नेमकं तेच नाव काढलंत ज्यावरून भले भले तोंडावर पडलेत :)

पार्डोसात ५०० हून जास्त जाती नोंदलेल्या आहेत, लांडगा कोळ्यांच्या कुळातली सगळ्यात मोठी प्रजाती. बहुतेक सगळ्या अशाच, करड्या-तपकिरी, पाठीवर मधोमध फिकट पट्टा, पायांवर वळी. आता तुमच्या ल्युग्युब्रिसची गोष्ट. युरोपातल्या जंगलात पाचोळ्यात सापडणारी ही एकच जात आहे असं वर्षानुवर्षं सगळे धरून चालले होते. मग काही संशोधकांनी नर मादीसमोर काय हातवारे करतात ते नीट बघितलं, तर एकाच नावाखाली वेगवेगळे 'नाच' निघाले! आणि एका नाचाच्या नराला दुसऱ्या नाचाची मादी दाद देत नाही. २००० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्या एका नावाच्या गटातून दोन जाती नव्याने वर्णन केल्या गेल्या. म्हणजे संग्रहालयातल्या बाटलीत ज्या सारख्या दिसत होत्या त्यांना स्वतःला मात्र आपण वेगळ्या आहोत हे आधीपासून ठाऊक होतं. आणि ॲप दोन सेकंदात सांगतंय, हललेल्या फोटोवरून.

जात सांगायची तर मादीच्या पोटाखालचा जननभाग, एपिगाइन, किंवा नराच्या पाल्पचं (तोंडाजवळचा पायासारखा छोटा अवयव) टोक भिंगाखाली बघावं लागतं. त्याशिवाय जो छातीठोकपणे जात सांगतो त्याच्यावर माझा विश्वास नाही, मग ते ॲप असो की माणूस.

स्पष्टवक्ता
ठीक आहे, ॲपने थाप मारली असेल. पण मग पार्डोसा तरी कशावरून? तेही तुम्ही फोटोवरूनच म्हणताय की. स्वतःला वेगळा नियम का?

आठडोळे
प्रश्न रास्त आहे, म्हणूनच 'बहुतेक' म्हटलं होतं.

मातीतलापाय
बापरे, एका दिवसात इतके प्रतिसाद! धन्यवाद मंडळी. आज सकाळी ऊन पडल्यावर परत गेलो, तशीच एक गोळावाली एका दगडावर उन्हात बसली होती (कालचीच का ते देव जाणे). पोट उन्हाकडे करून निवांत. मोबाईलला मॅक्रो लेन्सची चिमटी लावून पोटावर झोपून वीस मिनिटं काढली, शेजारी बघत होते ते वेगळंच. एक फोटो बरा आलाय, तोंडाचा. गोळ्यावर मधून एक फिकट रेघ पण दिसतेय गोलाकार, शिवण घातल्यासारखी.

आठडोळे
वा! याला म्हणतात फोटो. आता बघा मंडळी, सगळ्यात खाली चार बारके डोळे एका ओळीत, त्याच्यावर दोन मोठे पुढे बघणारे, आणि त्याच्याही मागे डोक्यावर दोन मध्यम. चार-दोन-दोन. ही लांडगा कोळ्यांची सही. आणि पार्डोसा का, तर डोकं अरुंद आणि उंच, बाजू उभ्या भिंतीसारख्या सरळ, पाय अंगाच्या मानाने लांब आणि सडपातळ, त्यावर लांब काटे, मागचा चौथा पाय सगळ्यात लांब. बिळात राहणारे मोठे लायकोसा असतात ते एकदम धष्टपुष्ट, तोंड रुंद. ही त्यांच्यासमोर धावपटू वाटते. स्पष्टवक्ते, आता 'बहुतेक' काढतो. पार्डोसा. त्याच्यापुढे मी जाणार नाही. (पार्डोसा हे नाव बिबट्यावरून, ठिपक्यांमुळे. कोख नावाच्या जर्मन माणसाने १८४७ मध्ये ठेवलं. म्हणजे लांडग्याच्या घरातला बिबट्या.)

शिवण तुम्ही बरोबर ओळखलीत, ती खरोखरच शिवण आहे. आधी ती रेशमाची छोटी चकती विणते, त्यावर अंडी घालते, वरून दुसरं आवरण विणते, मग कडा सोडवून दोन्ही भाग जुळवते आणि गोळा पायांत गोल गोल फिरवत सांधा पक्का करते. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून शिवल्यासारखं. त्या फिकट रेघेची खरी मजा पुढे आहे. आतली पिल्लं आपली आपण बाहेर येऊ शकत नाहीत, वेळ झाली की आईच तो सांधा दातांनी उसवते. म्हणून गोळा काढून घेतला तर आतल्यांचं काही खरं नसतं. पुन्हा सांगतो, काडी नको.

आणि उन्हात बसणं हा आळस नाही बरं, अंडी शेकतेय ती. ऊब मिळाली की आतली वाढ लवकर होते.

निशाचर
उशिरा पोचलो. डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर एक प्रयोग सांगतो, मी कित्येकांना हा नाद लावलाय. रात्री टॉर्च कपाळाला किंवा डोळ्यांच्या अगदी शेजारी धरा आणि गवताकडे बघत हळू चाला. जमिनीवर हिरवट-निळसर हिऱ्यासारखे कण चमकतात. लोकांना वाटतं दव आहे. जवळ जा, दव हलत नाही, हा कण पळतो! मागच्या डोळ्यांत टॅपेटम नावाचा परावर्तक थर असतो, मांजराच्या डोळ्यात असतो तसा, उजेड आला तसाच परत पाठवतो. म्हणून टॉर्च कमरेजवळ धरलात तर काही दिसत नाही, उजेड टॉर्चकडे परत जातो ना, तुमच्याकडे नाही. पहिल्यांदा केलं तेव्हा एवढ्याशा तुकड्यात किती डोळे आहेत बघून मी चप्पल घालायला परत गेलो होतो.

भित्रीभागूबाई
हा प्रयोग मी या जन्मात करणार नाही. पण एक विचारायचंय, ती थबकते म्हणाले ना धागाकर्ते, ते का? घाबरून?

आठडोळे
चांगला प्रश्न. बसून झडप घालणारी असल्यामुळे मधेमधे थांबून जमिनीची थरथर पायांनी 'ऐकणं' हा एक भाग. दुसरा भाग भीतीचाच आहे आणि त्याचा फार सुंदर अभ्यास झालाय. अमेरिकेत पार्डोसा मिलविना म्हणून एक आहे, तिच्याच शेतात तिला खाणारा मोठा लांडगा कोळी राहतो, टायग्रोसा हेल्युओ. संशोधकांनी काय केलं, मोठ्या कोळ्याला एका कागदावर फिरू दिलं आणि काढून टाकलं. कागदावर उरलं फक्त त्याचं रेशीम आणि विष्ठा. त्यावर मिलविनाला सोडलं तर तिने हालचालच कमी केली, शत्रू समोर नसताना, नुसत्या मागमुसावर. आणि नंतर खरोखर मोठा कोळी सोडला तेव्हा ज्यांना अशी आगाऊ खबर मिळाली होती त्या जास्त वाचल्या. हललं तर मेलं, साधा हिशोब.

बांधावरून
मी सहसा लिहीत नाही पण विषय आपला निघाला. भातशेतीत काम करतो. भाताच्या पाण्यावर चक्क धावणारा कोळी असतो तो याच घरातला, पार्डोसा स्यूडोअ‍ॅन्युलाटा, आशियातल्या भातशेतीत सगळीकडे आहे. तपकिरी तुडतुडे माहिती असतील, चुडाच्या (भातरोपांच्या पुंजक्याच्या) बुडाशी बसून रस शोषतात आणि पिकात जळाल्यासारखे गोल गोल चट्टे दिसतात. तो तुडतुडा खाणाऱ्यांत हा पहिल्या नंबरात. आता गंमत अशी की घाबरून सुरुवातीलाच फवारणी केली की आधी कोळी मरतात, तुडतुड्याची अंडी पानाच्या बुडाच्या आवरणात आत असतात ती वाचतात, आणि मग खाणारं कोणी नसल्यामुळे तुडतुडा दुप्पट जोराने येतो. औषधामुळे कीड वाढली हे ऐकायला उलटं वाटतं पण फिलिपिन्समध्ये १९८० च्या आसपास हे शेतात करून दाखवलेलं आहे. आम्ही आता फवारायच्या आधी चूड हलवून पाण्यावर किती तुडतुडे पडतात आणि किती कोळी पळतात ते दोन्ही मोजतो. आधी फक्त तुडतुडे मोजायचो.

स्पष्टवक्ता
@बांधावरून, हा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात कामाचा. पण कोळी तुडतुडा आणि आपल्या फायद्याचा किडा यात भेद करतो का?

बांधावरून
नाही करत. समोर हललं आणि आवाक्यात असलं की खातो, एकमेकांना पण खातात. त्याला आपला दोस्त वगैरे म्हणणं मला पण पटत नाही, तो त्याचं पोट भरतो, आपला फायदा होतो इतकंच.

थंडगार
बर्फात पण आहेत हे लोक! ग्रीनलंडच्या ईशान्येला झाकेनबर्ग नावाचं संशोधन केंद्र आहे, तिथे जमिनीत पेले पुरून ठेवतात, कड जमिनीच्या पातळीला, पळणारे किडे आपोआप आत पडतात. त्यात पार्डोसा ग्लेशियालिस भरपूर सापडते. १९९६ पासूनचे नमुने आणि त्यातल्या अंड्यांच्या पिशव्या तपासल्या तेव्हा दिसलं की उन्हाळ्यात एकदाच पिशवी करणारी ही कोळीण काही वर्षी दोनदा करतेय, आणि बर्फ जितकं लवकर वितळतं तितकं दुसऱ्या पिशवीचं प्रमाण जास्त. २०२० मध्ये छापून आलं. एका वर्षाचे पेले असते तर हे कळलंच नसतं. कोणीतरी इतकी वर्षं दर उन्हाळ्यात पेल्यातले कोळी मोजत बसलं होतं, त्या चिकाटीला माझा सलाम.

खवचट
आणि आम्ही वर्षभर जिमची फी भरून दोनदा जातो.

निशाचर
पिल्लं आईला खातात म्हणे ना? कुठेतरी व्हिडिओ बघितलेला.

आठडोळे
ते स्टेगोडायफस वगैरे, एकत्र जाळ्यात राहणारे, वेगळं कुळ. तिथे आई खरंच पिल्लांचं जेवण होते. पार्डोसात असं नाही. इथे पिल्लं पिशवीतच एकदा कात टाकतात, आई सांधा उसवते आणि मग ती तिच्या पायांवरून चढून पाठीवर, म्हणजे पोटाच्या वरच्या बाजूवर, एकावर एक थर करून बसतात. साधारण आठवडाभर. त्या दिवसांत खात काहीच नाहीत, अंड्यातला बलक पोटात शिल्लक असतो त्यावर निघतं. धरायला काय असतं, तर आईच्या पोटावर टोकाला गाठ असलेले खास केस असतात, मुठीत धरायला बरे. १९७३ साली हे केस सूक्ष्मदर्शकातून दाखवले गेले.

आई आपली पोरं ओळखते का, याचंही उत्तर जरा हिरमोड करणारं आहे. फाब्रं नावाच्या फ्रेंच निरीक्षकाने लायकोसाची पिशवी काढून तिला कानशीने घासून गुळगुळीत केलेली बुचाची गोळी दिली, तर ती बाई तीच बुडाला बांधून फिरत राहिली. आणि एकीची पिल्लं दुसरीजवळ सोडली तर ती दुसरीच्या पाठीवर चढली, तिनेही चढू दिलं.

भित्रीभागूबाई
बुचाची गोळी??? बिचारी. आता मला तिची दया यायला लागलीय, हे काय होतंय मला.

मातीतलापाय
मंडळी अपडेट!! मधले काही दिवस लिहायला जमलं नाही पण बघणं चालू होतं. गोळ्याचा रंग मळकट होत गेला, शिवणीची रेघ रुंद झाली. परवा दगडाजवळ एक कोळीण दिसली, गोळा गायब, म्हटलं गेलं सगळं. मग वाकून बघतो तर पाठ हलतेय! पाठीवर बारीक बारीक पोरं, खसखशीच्या दाण्याएवढी, सगळे पाय एकमेकांत अडकलेले. मोजायचा प्रयत्न केला, तीसच्या पुढे माझा हिशोब चुकला. एक जण खाली पडला, तर आई थांबलीबिंबली नाही, पण तोच धावत जाऊन तिच्या मागच्या पायावरून परत वर चढला.

आज सकाळी मात्र पाठीवर पाच-सहाच उरलेत. बाकीचे कुठे गेले? मुंग्यांनी नेले की काय?

आठडोळे
मुंग्यांनी काही नेलेही असतील, पण बहुतेक सुटी झाली त्यांची. गवताच्या पात्याच्या टोकावर बघा, हवा जरा हलत असेल आणि ऊन असेल तर एखादं पिल्लू पायांच्या टोकावर उभं राहून पोट वर करतं आणि रेशमाचा धागा हवेत सोडतं. धागा ओढला गेला की पिल्लू गेलं. किती लांब जाईल ते वाऱ्यावर.

स्पष्टवक्ता
तरी प्रश्न राहिलाच, ही धाग्याच्या पहिल्या फोटोतलीच कोळीण कशावरून?

मातीतलापाय
काही पुरावा नाही साहेब. दगड तोच आहे एवढं नक्की. वहीत मी 'पार्डोसा, जात माहीत नाही, दगडावरची' असं लिहून ठेवलंय. आत्ताच गवताच्या पात्यावर एक पिल्लू दिसलं, पोट वर करून उभं होतं, मोबाईल आणायला गेलो तेवढ्यात गेलं.

खवचट
उडती तबकडी. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.